एकशेवीसचा कूलर

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय द्यायचं, ह्यावर बुऱ्हानपूरच्या शनवाऱ्यातल्या वामनरावांच्या घरात नुसता खल चालला होता. चांदीची वाटी द्यावी, तर तिचं तो करणार काय? अंगठी द्यावी, तर लग्नातलीच अजून डबीतून बाहेर निघालेली नव्हती. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, त्यामुळे अनारशांवर बोळवण करणं शक्यच नव्हतं. आणि वामनरावांना नुसतं वाण द्यायचं नव्हतं. त्यांना जावयाला बोलतं करायचं होतं.

कारण जावई बोलतच नसे. अरविंद इंदौरला नोकरीला, वागायला सोन्यासारखा, त्यांच्या लेकीला, ताप्तीला, फुलासारखं जपणारा. पण सासरी आला की 'हो, बाबा', 'नाही, बाबा' आणि 'चालेल, बाबा' ह्यापलीकडे त्याची गाडी जात नसे. जेवायचा, पाया पडायचा आणि संध्याकाळ व्हायच्या आत 'उद्या ड्यूटी आहे' म्हणून निघायचा. एक रात्र म्हणून मुक्काम नाही. वामनरावांना हे फार लागलं होतं. सिंचाई खात्यात उभी नोकरी हेडक्लार्कीत काढलेला माणूस. भल्याभल्या ठेकेदारांना त्यांनी बोलतं केलं होतं. घरचा जावई तेवढा गप्प.

"त्याला आपलं घरच आवडत नाही," ते म्हणायचे.

"मनावर घेऊ नका. त्यांचा स्वभावच तसा आहे," कमलबाई म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

अशात एक दिवस ताप्तीचा फोन आला. फोन कमलबाईंनी घेतला. आता वामनरावांच्या भिंतीला भिंत लावून भिकनशेठचा पावरलूमचा कारखाना. माग सुरू असले की ह्या घरात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही अर्धंच कानात शिरे, उरलेलं ज्याचं त्यानं भरून घ्यायचं. कमलबाईंनी ते भरून घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, "जावईबापूंना कूलर पाहिजे म्हणे. जुना आहे तो नुसता आवाज करतो, आणि त्यानं प्रोफेसर गरम होतात."

वामनरावांनी मान हलवली. इंदौरचे घरमालक कॉलेजात शिकवणारे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. शिकलेला माणूस, डोक्यावर कूलर घरघरला तर गरम होणारच.

पण त्यांना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. कूलर म्हणजे त्यांचा प्रांत. बुऱ्हानपूरचा जेठाचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला कूलरमधलं कोणी शिकवायला नको. प्लास्टिकचे तयार कूलर ही निव्वळ फसवणूक आहे, कूलर पाहिजे तो पत्र्याचा, त्याला खसच पाहिजे आणि बनवावा तो निंबा मिस्त्रीनंच, ह्या विषयावर ते तास-तास बोलू शकत. तेव्हा दुकानात न जाता त्यांनी सरळ जावयालाच फोन लावला.

"बापू, कूलरबद्दल जरा विचारायचं होतं."

अरविंद म्हणाला, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर कधीपासून तोच शोधून राहिलो."

वामनराव उभे होते ते खाली बसले. जावयाच्या तोंडून एवढं लांब वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"सांगितलं कोणीतरी. केवढा पाहिजे ते बोला."

"एकशेवीसचा पुष्कळ होऊन जाईल, बाबा. दोनशेचाळीसचा असता तर मजाच होती, पण तो कॅबिनेटमध्ये बसणार नाही."

एकशेवीस लिटर! वामनरावांच्या स्वतःच्या कूलरला चार बादल्या पाणी पुरे व्हायचं. "पाणीवालाच ना?" त्यांनी चाचपडत विचारलं.

"हो, बाबा, पाणीवालाच. पण त्यात पाणी भरायची झंझट नसते. सीलबंद येतो. फक्त लीक नको व्हायला, नाही तर सगळंच जाईल."

"नाही होणार. आणखी काही?"

"लाईटवाला मिळून गेला तर..." अरविंद लाजला. "लाल-निळा. असंच, दिसायला."

वामनरावांच्या डोक्यात आता चांगलाच गोंधळ माजला होता. पण जावयाची उलटतपासणी कोण घेतं? आपण काय द्यायचं ते आपण समजून घ्यायचं, ही रीत. तरी धीर करून त्यांनी विचारलं, "आणि ते कॅबिनेट केवढं आहे?"

"मी सोबतच घेऊन येतो ना, बाबा. तिथंच बसवून घेऊ."

फोन ठेवून वामनरावांनी टोपी घातली आणि ते निंबा मिस्त्रीकडे निघाले.

निंबानं सगळं ऐकून घेतलं आणि पत्रा कापायची कात्री खाली ठेवली. "भाऊ, हे काही समजत नाही बुवा. पानी भरायचं नाही, अन् एकशेवीस लिटर बी पाहिजे?"

"एकदाच भरायचं असेल."

"मंग डास होतीन."

"निंबा, जावयाचा शब्द आहे. डासांचं नंतर बघू. कॅबिनेट म्हणजे काय ते सांग आधी."

"कॅबिनेट म्हंजे कपाट. तुमच्या हापिसात फायलींचं नव्हतं का?"

होतं. वामनरावांनी त्याच्यातल्या फायली जन्मभर काढल्या-घातल्या होत्या. पण कूलर कपाटात कोण ठेवतो? दोघांनी चहा मागवला आणि विचार केला. शेवटी निंबालाच सुचलं. "फ्लॅट राहतेत तिकडे. खिडकीत कूलर ठेवू देत नसतीन. मंग कपाटात लपवायचा, अन् वरून तो प्रोफेसर. आवाज नको, दिसायला नको, गळायला नको. समदं बराबर बसते."

खरंच सगळं बरोबर बसत होतं. वामनरावांना हायसं वाटलं.

निंबा कामाला लागला. कपाट माणूसभर उंच असतं, तेव्हा कूलर त्याच्यात जाईल असा, बोटभर कमी, पण उभाच्या उभा. टाकीला आतून डांबर, वरून रंग. आत लग्नाच्या मांडवातली दिव्यांची लाल-निळी माळ. इकडे वामनरावांनी कपाट उतरवून घ्यायची तयारी केली. पुढच्या खोलीतला दिवाण मागे हलवला आणि भिकनशेठला सांगून मागावरची दोन दांडगी माणसं त्या दिवसापुरती मागून घेतली.

"कपाट घेऊन येताहेत जावई?" भिकनशेठनं विचारलं. "इंदौरहून?"

"सोबतच आणतो म्हणाले."

"सासरी राहायला येताहेत का काय?"

हे ऐकून वामनरावांना मनातून बरं वाटलं.

कूलर आदल्या दिवशी यायचा तो निंबाच्या रिवाजाप्रमाणे वाणाच्या दिवशीच सकाळी उशिरा ठेल्यावरून आला. गल्ली बघायला जमली. कूलर कसला, पत्र्याची खोलीच होती ती. भिकनशेठच्या माणसांनी तो ओट्यावर चढवला आणि दारातून आत ढकलला. निम्मा गेला आणि अडकला. पुढे जाईना आणि मागेही येईना.

निंबानं चौकट बघितली, कूलर बघितला. "भाऊ, माप तुम्ही कपाटाचं सांगितलं. दरवाज्याचं कोनी सांगितलं?"

"अरे, घरात कपाट नाही का आलेलं आमच्या?"

"ते तुम्ही घर बांधायच्या आधी ठेवलं असीन."

आतून कमलबाईंचा आवाज आला, "अहो, तुम्ही आत आहात का बाहेर?" वामनराव बाहेर होते. ओवाळणीचं ताट, अनारसे, पुरणाचे धोंडे आणि कमलबाई आत होत्या. मध्ये एकशेवीस लिटर. आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली.

ताप्ती उतरली. मागून अरविंद उतरला. त्याच्या दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेला एक खोका होता, तान्ह्या पोराला धरावं तसा धरलेला. भिकनशेठची माणसं गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि कपाटाची वाट बघू लागली.

"या, बापू," वामनराव म्हणाले. त्यांच्या अंगाला घाम फुटला होता, आणि तो सगळाच उन्हाचा नव्हता. "जरा दार अडलंय."

"चालेल, बाबा," अरविंद म्हणाला.

ऊन असं होतं की ओट्यावर पाय ठरत नव्हता. जावयाला ओवाळल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, आणि दार तर बंद. शेवटी कमलबाईंनी खिडकीच्या गजांतूनच हात बाहेर काढला. कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागलं. निरांजन गजाला लागून विझलं. मग वरात निघाली ती भिकनशेठच्या कारखान्यातून, चालत्या मागांच्या मधून, मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात. अरविंद पुढच्या खोलीत पोचला तेव्हा त्याच्या केसांत, मिशीत आणि चादरीवर कापसाची रुई होती, आणि नाकावर कुंकू.

त्यानं चादर सोडली. आत काचेची एक पेटी, पेटीत तारा, पंखे, हिरव्या-काळ्या पट्ट्या.

"हे काय, बापू?"

"कॅबिनेट, बाबा. गेमचा कॉम्प्युटर आहे. सगळं मीच जोडलंय. फक्त नवा कूलर बसवायचा राहिला."

वामनरावांनी पेटीकडे बघितलं. दारात अडकलेल्या कूलरकडे बघितलं. परत पेटीकडे बघितलं. ताप्तीला सगळ्यांच्या आधी कळलं. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून भांडी पडल्याचा आवाज आला.

"म्हणजे कूलर ह्याच्या आत बसायचा होता?"

"हो, बाबा."

"आणि एकशेवीस?"

"मिलिमीटर, बाबा."

खिडकीबाहेरून निंबा म्हणाला, "मिलिमीटरमदी पानी कसं मोजतेत?"

"आणि प्रोफेसरांची काही तक्रार नाही?" वामनरावांनी शेवटची आशा म्हणून विचारलं.

"प्रोसेसर, बाबा. तो आतला. तो गरम होतो."

वामनराव दिवाणावर बसले. त्यांना वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं. जन्मात पहिल्यांदा जावयानं काही मागितलं होतं, आणि आपण त्याला पत्र्याची खोली करून दिली, तीही दारात अडकवून. आता हा जेवणार, पाया पडणार, ड्यूटी आहे म्हणणार आणि जाणार. परत येईल तेव्हा येईल.

अरविंदनं सासऱ्यांकडे बघितलं. बोलणं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तेव्हा जे येत होतं ते त्यानं केलं. पेटीची काच काढली, थेंब उडणार नाहीत अशा बेतानं पेटी कूलरच्या समोर स्टुलावर मांडली आणि तारा घरातल्या टीव्हीला जोडल्या. "निंबाभाऊ," तो खिडकीतून म्हणाला, "चालू करून बघा ना."

निंबानं बाहेरून पाइप लावून टाकी भरली आणि बटण दाबलं. कूलर असा गरजला की भिकनशेठचे माग ऐकू येईनात. लाल-निळी माळ लागली. अर्धं अंग रस्त्यावर, अर्धं घरात. गल्लीतली हवा खसमधून भिजून सरळ आत येऊ लागली. कूलर दारात अडकला म्हणूनच तो इतका झकास चालला, हे वामनरावांच्या तेवढ्यातही लक्षात आलं.

टीव्हीच्या स्क्रीनवर कसलेकसले आकडे उमटले. अरविंद वाकून बघत होता. मग तो गर्रकन वळला.

"बाबा, छप्पन."

"काय छप्पन?"

"टेम्परेचर. इंदौरला ब्याण्णववर जायचं आणि कॉम्प्युटर बंद पडायचा. इथं छप्पनवर थांबलंय, बाबा, आणि गेम चालू आहे."

आणि जावई बोलू लागला. ते ग्राफिक्स कार्ड त्यानं कसं मिळवलं, रॅम कोणती टाकली होती आणि ती बदलून कोणती टाकली, पंखे कुठल्या दिशेला लावायचे आणि लोक कुठे चुकतात. पुरण वाढलं तरी तो बोलत होता, अनारशांचं वाण हातात दिलं तेव्हाही बोलत होता. मध्येच इंदौरच्या दोस्ताचा फोन आला. "कूलर? लग गया. एक सौ बीस का," अरविंद म्हणाला, आणि जरा थांबून, "लीटर." संध्याकाळी ताप्तीनं निघायचं विचारलं, तर म्हणाला, "उद्याची सुट्टी टाकली."

अधिक महिना संपला. कूलर दारातच आहे. तो काढायचा तर चौकट तोडावी लागेल, आणि चौकट तोडू द्यायला अरविंद तयार नाही. कॉम्प्युटरही त्यानं इथंच ठेवलाय, कारण तसा थंड तो दुसरीकडे कुठं राहत नाही. घरची माणसं, दूधवाला, पाहुणे, सगळे भिकनशेठच्या मागांमधून येतात-जातात आणि अंगावर रुई घेऊन बसतात. शनिवार आला की जावई हजर. कूलरची हवा कॉम्प्युटरला, कॉम्प्युटरची हवा वामनरावांना. आणि ती गरम असते.

परवाही वामनराव असेच दिवाणावर हातपंख्यानं वारा घेत बसले होते, आणि अरविंद पुढच्या पार्टांचं सांगत होता. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे बाबा, पॉवर सप्लाय मोठा घ्यावा लागेल."

"हो, बापू."

"नाही तर हाच चालवायचा का आणखी एक वर्ष?"

"चालेल, बापू."

थोड्या वेळानं वामनराव पाणी प्यायला म्हणून उठले, तर स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांना अरविंदचा दबका आवाज ऐकू आला. तो कमलबाईंशी बोलत होता.

"आई, एक विचारू? बाबा माझ्याशी नुसतं हो आणि चालेल एवढंच बोलतात. त्यांना मी इथं आलेलं आवडत नाही का?"

"मनावर घेऊ नका, बापू," कमलबाई पोळी उलटत म्हणाल्या. "त्यांचा स्वभावच तसा आहे."