पाय न सोडणारी भेट

रविवारी सकाळी फोन वाजला की नापासराव तो चार वेळा वाजू द्यायचे, मग उचलायचे. फोन ताईचा असायचा, आणि ताईचा पहिला प्रश्नही ठरलेला असायचा.

"काय रे, पाय कसे आहेत?"

"एकदम हलके!"

"रोज वापरतोस ना?"

"रोज म्हणजे काय, त्याशिवाय झोपच येत नाही."

हे बोलताना त्यांची नजर आपोआप माळ्याकडे जायची. तिथे जुन्या गाद्यांच्या मागे पाय दाबायचं यंत्र सहा महिने तोंड लपवून बसलं होतं. खरं तर तोंड लपवायची पाळी नापासरावांची होती.

नापासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पंपाच्या कारखान्यात तयार माल तपासणं हे त्यांचं काम. केसाएवढी चीर दिसली तरी ते नग बाजूला काढून त्याला लाल चिठ्ठी लावत. मालक स्वतः येऊन "एवढं चालतं हो" म्हणाला, तरी ती चिठ्ठी निघत नसे. कामगारांनी वैतागून ठेवलेलं हे नाव पुढे त्यांना चिकटलं. असा हा लोखंडाशी निर्दयपणे वागणारा माणूस घरी मात्र कुणाला 'नको' म्हणू शकत नसे, आणि ताईला तर मुळीच नाही. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्यांना वाढवलं होतं. ताई जे देईल ते छान, हे त्यांच्या तोंडात लहानपणीच बसलं होतं.

दिवसभर उभं राहून भावाचे पाय सुजतात म्हणून ताईने हे यंत्र ऑनलाइन मागवून वाढदिवसाला परस्पर त्यांच्या पत्त्यावर पाठवलं. त्यात दोन कप्पे. कप्प्यांत पाय घालायचे, बटण दाबायचं, की आतल्या हवेच्या पिशव्या फुगतात, पाय दाबतात आणि सोडतात. या नगाने दाबायचं काम चोख केलं. सोडायचं मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बटण दाबून झालं, वायर काढून झाली, शेवटी बायकोने तळाचे सगळे स्क्रू काढून नवऱ्याला मोकळं केलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. "आवडलं?" सुजलेल्या पावलांवर फुंकर घालत नापासराव म्हणाले, "फारच छान, ताई!"

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण पुढे ताई म्हणाली, "मग कंपनीच्या पानावर तसं लिही ना. मला वाचायचंय." नापासरावांनी पाच तारे दिले. बायकोने पुन्हा जोडलेल्या यंत्रावर नुसते पाय टेकवून, वायर न लावता, हसरा फोटोही टाकला.

या रविवारी मात्र ताईने वेगळंच काढलं. "अरे, यांच्यासाठीही तेच यंत्र घेतेय. तुला माहितीये ना, यांची साखर वाढलेली. पायाला साधं खरचटलं तरी महिनाभर भरत नाही. डॉक्टर म्हणालेत, पाय जपा. म्हणून मी घाबरत होते, पण तुझा अनुभव आहे म्हणून धीर आला."

नापासरावांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "थोडं थांब ना ताई. भाव उतरतील."

"बरं, आठवडाभर थांबते. तुझ्या शब्दावर."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता तरी खरं सांगा. त्यांच्या पायाचा प्रश्न आहे."

"एक नग खराब निघाला म्हणून सगळी खेप खराब नसते," नापासरावांनी कारखान्यातली अक्कल काढली. "कंपनीकडून बदलून घेऊ. दुसरं नीट चाललं, तर ताईचंही नीट चालेल. मग सांगायची गरजच काय?"

"आणि नाही चाललं तर?"

"तर बघू."

त्यांच्या संसारातले निम्मे प्रश्न या 'बघू'वर येऊन थांबलेले होते.

कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड बोलली. परत करायची मुदत केव्हाच संपली, म्हणाली. यावर नापासराव तयारीने बसले होते. "मुदत पसंत न पडलेल्या वस्तूला. ही सदोष आहे. पहिल्या दिवसापासून. हा ग्राहकाचा हक्क आहे."

"बरोबर आहे सर," मुलगी म्हणाली. "पण ग्राहक तुम्ही नाही. ज्यांनी विकत घेतलं, त्या मॅडम ग्राहक. तक्रार त्यांनी करायची. आणि सर, पहिल्या दिवसापासून म्हणताय, पण तुम्ही तर लिहिलंय..." आणि तिने एकसुरी आवाजात वाचायला सुरुवात केली. "'पायांना स्वर्गसुख. हे यंत्र आता आमच्या घरातलं माणूसच झालं आहे. डोळे झाकून घ्या.' खाली फोटो आहे. हे तुम्हीच ना सर?"

"मीच," नापासराव म्हणाले. आजवर हजारो नगांना लाल चिठ्ठी लावणाऱ्या त्या माणसाला त्या क्षणी ती स्वतःच्या कपाळाला लावावीशी वाटली.

अर्ध्या तासाने बायकोने फोन लावला आणि आवाज जरा जाड करून ताईचं नाव सांगितलं. तिला हे मुळीच पसंत नव्हतं, पण ताईच्या नवऱ्याच्या पायांचा विचार तिला स्वस्थ बसू देत नव्हता. मुलीने तक्रार लिहून घेतली आणि म्हणाली, "मॅडम, खात्रीसाठी तुमच्या मोबाइलवर कोड पाठवलाय. तेवढा सांगा."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्याच वेळी नवऱ्याचा मोबाइल वाजला. ताई!

"अरे, मला कसलातरी कोड आलाय! मी काहीच मागवलं नाही. कुणीतरी माझ्या नावावर लबाडी करतंय!"

खरं सांगायची याहून चांगली वेळ आली नसती. नापासराव म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं ताई! हल्ली लोक फार वाईट आहेत."

शेजारी बसलेल्या वाईट बाईने मुकाट्याने फोन ठेवला.

ताई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने कंपनीला फोन करून चौकशी केली आणि पुन्हा भावाला लावला. "ऐक. कुणीतरी बाई माझ्या नावाने बोलतेय. तुझं पायाचं यंत्र सदोष आहे म्हणून परत न्यायला या, म्हणते! चोरायचा डाव आहे रे. दारात कुणीही आलं तरी देऊ नकोस. मी निघालेच. आणि येतेच आहे तर यांच्यासाठी मागवायच्या आधी डोळ्यांनी बघूनही घेते."

पुढचा तास नवराबायको यंत्रावरची धूळ पुसण्यात गुंतले. ताई आली, पाणीसुद्धा न पिता यंत्रापुढे खुर्ची ओढून बसली. "चालव बघू."

"आत्ताच वापरलं ताई. अति झालं की बरं नाही."

"चालव रे!"

नापासरावांनी पाय आत घातले आणि बटण दाबलं. घूं असा आवाज झाला. पिशव्या फुगल्या. नापासरावांचं हसू ताणत ताणत कानापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"छान दाबतंय की," ताई म्हणाली. "आता सोडेल ना?"

"सोडेल... हळूहळू सोडतं. घाई नाही त्याला."

घूं आवाज थांबला. यंत्राने धरलेलं काही सोडलं नाही. ताईने उत्साहाने पदर खोचला. "ऊठ, आता मी बसते."

"तू नको बसू."

"का?"

"म्हणजे... मलाच अजून बसावंसं वाटतंय."

"अरे, तुझा चेहरा का असा झालाय? घाम का येतोय? ऊठ बघू."

"उठता येत नाही, ताई," नापासराव म्हणाले. सहा महिन्यांत यंत्राबद्दल ताईशी बोललेलं त्यांचं ते पहिलं खरं वाक्य होतं.

बायकोने खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, जमिनीवर आडवी झाली आणि तळाचे स्क्रू एकामागून एक सोडवू लागली. कुठला आधी, कुठला नंतर, हे तिला पाठ होतं. ताई तिच्या हातांकडे बघत राहिली. "तुला हे कसं येतं गं?"

"पहिल्या दिवशीही असंच काढलं होतं, ताई," बायको खालूनच म्हणाली.

पाय बाहेर आले. लाल, सुजलेले, त्यावर पिशव्यांचे वळ. ताईने वाकून एका वळावरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "यांचे पाय घालणार होते मी यात. तुझ्या शब्दावर."

नापासरावांनी मान खाली घातली. मान घालायला आणखी खाली जागा असती तर त्यांनी तीही वापरली असती. आपण ताईचं मन जपत होतो असं त्यांना सहा महिने वाटत होतं. आता त्या वळांकडे बघताना कळलं, की जपत होतो ते फक्त आपलं तोंड.

ताईने मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. "मीच बोलतेय, खरी. हा तुमचा कोड. यंत्र पाय सोडत नाही, घेऊन जा."

"पण मॅडम, तुमच्या भावांचा अभिप्राय..."

"तो खोटं बोलतो. लिहून घ्या."

"असं लिहायला जागा नाहीये मॅडम."

"मग जागा करा. कुणी खोटं कौतुक केलं म्हणून वाईट वस्तू चांगली होते का? घेतली मी, पाय अडकले माझ्या भावाचे. हक्क माझा आहे आणि मी तो सोडणार नाही."

पाच मिनिटांत काम झालं. यंत्र न्यायला माणूस येणार होता. ताईने फोन ठेवला, पण उठली नाही. तिची नजर हळूहळू खोलीभर फिरू लागली.

"तो दिवा मी दिलेला."

नापासरावांनी दिव्याकडे बघून हसरा चेहरा केला.

"खरं सांग."

"डोळ्यांवर येतो, ताई."

"पडदे?"

"आखूड आहेत."

"निळा स्वेटर?"

"टोचतो. एक बाहीही लांब आहे." नापासरावांचा आवाज सुधारत चालला होता. सवयीचं काम हाती आलं होतं. "आणि ती किटली गळते. झाकण नीट बसत नाही. उशी कडक आहे. तो आरसा तर मुळातच वाकडा..."

"किटलीचं मी विचारलं नव्हतं," ताई म्हणाली, आणि नापासराव चटकन थांबले. ताईचे डोळे भरून आले होते. "म्हणजे आजवर मी दिलेलं काहीच तुला आवडलं नाही." तिने डोळे पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या भावजयीकडे तिची नजर गेली. "आणि ही? हिलाही मीच शोधून आणली होती."

स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून बायको उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.

"ती?" नापासराव घाईघाईने म्हणाले. "ती तर फारच छान आहे, ताई! अगदी मनापासून सांगतो!"

हे खरं होतं. ताईने आयुष्यभरात दिलेल्या सगळ्यांतली ही एकच भेट त्यांनी मनातल्या मनात कधीही नापास केली नव्हती. पण ते खरंही नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच लगबगीने आणि नेहमीच्याच हसऱ्या चेहऱ्याने बाहेर पडलं. नणंद-भावजयींनी एकमेकींकडे बघितलं.

"यंत्राबद्दलही अगदी असंच म्हणाले होते," बायको म्हणाली आणि आत गेली. ताईही तिच्या मागोमाग गेली.

"अगं, खरंच!" नापासराव ओरडले. "या वेळी खरंच!"