रेघांचं स्वयंपाकघर

"रेघा? नुसत्या रेघा? एवढा महागडा कॉम्प्युटर घेतला तो रेघा बघायला?" स्वयंपाकघरांची डिझाइनं करून देणारे मामा टेबलावर हात आपटून ओरडले.

ओरडतील नाही तर काय! वीस वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर त्यांनी लोकांची स्वयंपाकघरं उभी केली, त्याला नव्या कॉम्प्युटरने दारातच अडवलं होतं. म्हणून भाचीने नव्याच्या पोटात एक लटका जुना कॉम्प्युटर तयार केला. व्हर्च्युअल मशीन म्हणे! त्यात सॉफ्टवेअर सुरू झालं खरं, पण रंग गायब. कपाटांचा नुसता सांगाडा दिसत होता.

"मामा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर रंग भरणारा प्रोग्राम, ह्या सॉफ्टवेअरला ओळखत नाहीये."

"वीस वर्षांत ओळख झाली नाही? चार वाजता दातांच्या डॉक्टरीणबाई येतायत. आज त्यांनी डिझाइनवर सही नाही केली, तर सुतार दुसऱ्या कामावर जाईल. मग बसू तीन महिने माश्या मारत!"

बाईंनी आतापर्यंत नऊ रंग नाकारले होते. दहावा, फिकट हिरवा, मामांनी जीव तोडून जुळवला होता. आणि नेमका तोच दिसत नव्हता.

भाचीने दुसरा ड्रायव्हर टाकला, पडदा काळा झाला. तिसऱ्याने कपाटं उलटी टांगली. चौथा म्हणाला, मशीन फार नवीन आहे. पाचवा म्हणाला, फार जुनं आहे.

"एकदा काय ते ठरवा ना, मेल्यांनो!" मामा पडद्यावर खेकसले.

भाचीने सहावा लावला. तो बसायला वेळ घेत होता, तेवढ्यात बाई दारात हजर. पडद्यावर अजून रेघाच. बाई चष्मा लावून पुढे वाकल्या.

"ओटा खिडकीशी... फ्रिजचं दार पूर्ण उघडतंय... अहो, किती छान कळतंय सगळं! इतके दिवस हे का नाही दाखवलंत? हेच करू या. कुठे सही करायची?"

मामांनी धावत जाऊन कागद आणला, पेन हातात दिलं. बाईंनी टोपण काढलं.

"मामा, बसला! ड्रायव्हर बसला!" भाची आनंदाने किंचाळली.

पडदा झगमगला. फिकट हिरवी कपाटं, चकचकीत फरशी, सगळं कसं अगदी खरंखुरं.

"अगंबाई! हिरवा?" बाईंनी टोपण परत लावलं. "मग घरी ह्यांना विचारायला हवं."

मामा भाचीकडे वळले. "काढ," ते दातओठ खात म्हणाले, "आधी तो काढ!"

"मामा," भाची हळूच म्हणाली, "आता तो निघत नाहीये."