बिराजदार साहेबांचा नकार

दुसऱ्याचं काही चुकलं की बिराजदार साहेबांना लाज वाटायची. गाण्याच्या कार्यक्रमात गायकाचा सूर हलला की हे खुर्चीत खाली खाली सरकायचे. हॉटेलात डोसा मागवावा आणि वेटरने मिसळ आणून आपटावी, तर हे मुकाट्याने मिसळ खायचे आणि वर त्यालाच म्हणायचे, "मी तोंडातल्या तोंडात बोललो असेन हो."

एकदा पत्ता विचारायला म्हणून ते नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानाची पायरी चढले. दुकानदाराने गिऱ्हाईक समजून भराभर चार तागे उलगडले. साहेब परत आले ते काखेत पडद्याच्या कापडाचा गठ्ठा घेऊन. "उलगडलं की हो त्यानं," ते मला म्हणाले. "आता नुसतं कसं खाली उतरायचं?" आमच्या ऑफिसला खिडक्या दोन होत्या. पडदे सात झाले.

अशा माणसाला सरकारने माणसं निवडायचं काम दिलं होतं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालेलं. शास्त्रज्ञांची मोठमोठी गणितं सोडवण्यासाठी देशाची म्हणून एक कॉम्प्युटरची प्रयोगशाळा उभी करायचं दिल्लीत चाललं होतं, आणि जागेसाठी ज्या गावांची नावं निघाली त्यांत कसं कोण जाणे, सोलापूरही होतं. हवा कोरडी, जमीन स्वस्त आणि मुंबई-मद्रास गाडी दारावरून जाते, एवढीच आमची बाजू. बिराजदार साहेब मूळचे इथल्याच वळसंगचे. गणितातले डॉक्टर, परदेशात त्या यंत्रावर काम करून आलेले. त्यांना नियोजन अधिकारी करून पाठवलं. मी, सुनंदा देशमाने, एमएस्सी होऊन त्यांच्या हाताखाली सहायक लागले. तिसरे आमचे शिपाई शेखचाचा. रेल्वे लाइन्समधल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं मिळून देशाची प्रयोगशाळा उभी करत होतो.

साहेबांच्या बोलण्यावरून त्यांच्या लाजेचा पारा कळायचा. सगळं सुरळीत असलं की ते स्वच्छ इंग्रजीत बोलत. जरा अवघडले की पुस्तकी मराठीत येत. आणि लाजेने पार मेले की थेट वळसंगच्या बोलीत उतरत. "लई वंगाळ झालं बघा बाई," असं कानावर आलं की समजायचं, कुणीतरी कुठेतरी काहीतरी चुकलेलं आहे आणि त्याचा त्रास साहेबांना होतो आहे. माझ्याशी बोलताना ते कपाटाकडे बघत. पहिल्या महिन्यात मला वाटलं कपाटातच काही बिघाड आहे.

त्या यंत्राला बारा महिने थंडगार खोली लागते. एप्रिल महिना, खिडकीची सळई हाताला चटका देत होती, आणि साहेब दिल्लीला लिहून पाठवत होते की यंत्रासाठी अमुक इतके एअरकंडिशनर लागतील. लिहिता लिहिता थांबले. शेखचाचा दारात बसून टोपीने वारा घेत होते. साहेबांचे कान लाल झाले. अर्जाच्या अगदी तळाला त्यांनी बारीक अक्षरात आमच्यासाठी एक टेबलफॅन मागितला, तोही पेन्सिलीने, म्हणजे दिल्लीला नको वाटलं तर खोडता यावं.

मुलाखतींसाठी दिल्लीहून दोन तज्ज्ञ आले. एका उमेदवाराला त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर म्हणजे काय. तो बिचारा छातीठोकपणे म्हणाला, "मोठा रेडिओ असतो सर. बटण दाबलं की सगळं सांगतो." तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बूट बिननाडीचे होते. टेबलाखालूनच त्यांचा आवाज आला, "तसा आवाज करतोच की तो. अगदीच चूक म्हणता येत न्हाई."

मला खाली बघावंसं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला साहेबांचीच लाज वाटायची. मोठ्या पदावरचा माणूस, आणि तज्ज्ञांसमोर हा असा. घरी बाबा कौतुकाने विचारायचे, "तुझे साहेब फार मोठे विद्वान आहेत म्हणे?" मी हो म्हणायचे आणि विषय बदलायचे.

जागा डझनभर होत्या. साहेबांनी शिफारस केली चाळीस जणांची. ज्याला नाही म्हणवत नव्हतं त्याच्यासाठी त्यांनी एकेक पद काढलं होतं. यंत्राच्या कार्डांना भोकं पाडणारा, भोकं तपासणारा, तपासणाऱ्याचा मदतनीस. दिल्लीहून उत्तर आलं की आपण प्रयोगशाळा काढतो आहोत, गाव वसवत नाही. मग साहेबांनी रडकुंडीला येऊन यादी कापली. पण ज्यांना घेतलं नाही त्यांना छापील पत्रं पाठवायला त्यांनी साफ नकार दिला. मला आठवतो तो त्यांनी दिलेला एकमेव नकार. "माणूस एवढा हिथंवर येऊन गेला," ते म्हणाले, "त्याला कागद कसा पाठवायचा? जाऊन सांगायला पाहिजे."

आणि खरंच ते सायकल काढून घरोघर जाऊ लागले.

जेऊरच्या एका मुलाकडे ते रेल्वेने गेले. साहेब स्वतः दारात आलेले पाहून मुलाचे वडील हरखले. "साहेब सोता आले म्हंजी काम झालं की," असं म्हणून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा केलं. पुरणपोळी झाली. साहेबांना शाल दिली. साहेब जेवले, शाल पांघरून बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

"सांगितलंत?" मी विचारलं.

ते कपाटाकडे बघत म्हणाले, "सांगायचं राहिलं."

पुढच्या आठवड्यात शाल परत करायला म्हणून ते पुन्हा गेले. या वेळी मुलगा त्यांना स्टेशनवर पोचवायला आला. गाडी हलली तेव्हा साहेबांनी खिडकीतून शाल त्याच्या हातात कोंबली आणि घाईघाईने सांगून टाकलं. त्याला ऐकू गेलं की नाही या काळजीत ते रात्रभर झोपले नाहीत. मग त्यांनी पत्र लिहिलं. शेखचाचा मला म्हणाले, "बाई, साबकू ना बोलना आता नै. इनो शादी बी इसीच वास्ते नै करे." ते खरं होतं. मुलगी पाहायला गेलो आणि नाही म्हणायची वेळ आली तर काय तोंड दाखवायचं, म्हणून साहेब मुलगी पाहायलाच कधी गेले नव्हते. आता पन्नाशी जवळ आली होती.

निवड झालेल्यांत सगळ्यात हुशार होता श्रीनिवास गड्डम. पद्मशाली विणकरांच्या घरातला, साखर पेठेत घर, घरातच चार यंत्रमाग. वडिलांना दम्याने अंथरूण धरायला लावलेलं. श्रीनिवास बीएस्सी करून एका मिलच्या ऑफिसात कायम नोकरीला लागला होता. त्याची मुलाखत चालली होती तेवढा वेळ साहेब ताठ बसून इंग्रजीत बोलत होते. त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चांगली बातमी घेऊन कुणाच्या दारात जायला मिळालं. आनंदाच्या भरात ते श्रीनिवासला म्हणाले, "पुढच्या महिन्यात मोकळे व्हा. तयारीला लागायला हवं."

श्रीनिवासने मिलचा राजीनामा दिला.

आणि तीन आठवड्यांनी दिल्लीचा निरोप आला. प्रयोगशाळा सोलापुरात होणार नाही. विजेचा भरवसा नाही, सुताची धूळ फार. ती एका मोठ्या शहरात होईल. साहेबांना तिथे याहून वरची जागा देऊ केली होती. निवडलेल्या लोकांपैकी ज्यांना यायचं त्यांनी यावं. बरेचसे जाणार होते. श्रीनिवासला आजारी वडील आणि माग सोडून जाता येणार नव्हतं, आणि मिलने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाही होता.

"बाई, श्रीनिवासच्या घरी सांगायला तुम्ही येता का बरोबर?" साहेबांनी विचारलं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले.

साखर पेठेत आम्ही पोचलो तेव्हा चारही माग चालू होते. त्या खडखडाटात घरातली माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत होती. श्रीनिवासच्या आईने साहेबांना खुर्ची पुसून दिली. पलीकडे खाटेवर वडील उशीला टेकून बसले होते. साहेबांचा आवाज मुळातच लहान. ते काहीतरी पुटपुटले.

"काय?" आईने कानामागे हात धरला.

साहेब पुन्हा बोलले. पुन्हा तिला कळलं नाही. ती हसली आणि चहा टाकायला वळली. तिला वाटलं साहेब चहाचंच काही म्हणताहेत. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात साहेब उभे राहिले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "प्रयोगशाळा होणार न्हाई."

नेमका त्याच क्षणी श्रीनिवासने साहेबांचं नीट ऐकू यावं म्हणून विजेचा खटका बंद केला होता. एकदम शांत झालेल्या त्या घरात ते शब्द केवढे तरी मोठे ऐकू आले. शेजारच्या घरातली माणसं दारात येऊन बघू लागली. साहेब तसेच उभे. "माझं चुकलं," ते म्हणाले. "मी घाई केली. तुमच्या पोराला नोकरी सोडाय लावली मी."

वडिलांना खोकल्याची उबळ आली, आई तिकडे गेली. श्रीनिवास म्हणाला, "बसा सर." साहेब बसले नाहीत. चहा न घेताच आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पुढे जाऊन एका दुकानातल्या चादरी बघत राहिले. त्या दिवशी मात्र मला त्यांची लाज वाटली नाही. कशाची वाटली तेही नीट सांगता येणार नाही.

साहेब त्या मोठ्या शहरात गेले नाहीत. तिकडची हवा मानवत नाही असं त्यांनी दिल्लीला कळवलं आणि सोलापुरातच एका कॉलेजात गणित शिकवायला लागले. मलाही तिथेच जागा मिळाली. श्रीनिवासने वर्षभर शिकवण्या केल्या, मग त्याला एका बँकेत नोकरी लागली. हे साहेबांना ठाऊक होतं. तरी साखर पेठेतून जायचं ते टाळत. वाटेत त्या बाजूचं कुणी दिसलं तर रस्ता बदलत. एकदा तर त्यासाठी ते समोर दिसलेल्या लग्नाच्या बँडच्या ऑफिसात शिरले आणि तिथला माणूस दर सांगू लागला तेव्हा त्यांची काय अवस्था झाली, ते मला नंतर कळलं. बुकिंग रद्द करायला मी गेले होते.

दोनेक वर्षांनी श्रीनिवासचं लग्न ठरलं. आम्हा दोघांनाही आमंत्रण होतं. साहेबांनी भेटवस्तू माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच द्या. मला काम आहे जरा."

मी एकटीच गेले. अक्षता पडल्यावर पाहते तर साहेब मांडवासमोरच्या पानाच्या दुकानाशी उभे. इस्त्रीचा सदरा, कपाळाला विभूती. लग्नाला म्हणूनच घरातून निघाले असावेत, पण रस्ता ओलांडायचा राहिला होता.

मी त्यांच्याकडे जायच्या आत श्रीनिवासच्या आईने त्यांना पाहिलं. नव्या लुगड्याचा पदर सावरत ती रस्ता ओलांडून गेली. मीही मागोमाग गेले.

"आत या की साहेब," ती म्हणाली. "हितं का थांबले?"

"मी कुठल्या तोंडानं येऊ?" साहेब म्हणाले. "तुमच्या घराचं लई नुकसान केलं मी."

"याचा बाप आधी कामाला हुता ती मिल बंद झाली तवा त्याला कुणी सांगाय आलं न्हाई," ती म्हणाली. "गेटला कुलूप बघून घरी आला तो. तुमी आमच्या घरी आले. उभं राहून सांगितले. त्यो डोळे मिटेपर्यंत म्हणत हुता, त्या साहेबाला आपण चहा दिला न्हाई." मग तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही."

"मग आज हितं जेवा. आणि रविवारी या सकाळी. काम काय न्हाई. नुसतं बसाय या."

साहेबांनी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं असेल, पण ते त्यांना कुठे जमत होतं. ते तिच्या मागून रस्ता ओलांडून मांडवात आले.

सोमवारी कॉलेजच्या जिन्यात ते मला भेटले. दोन पायऱ्या चढून ते थांबले.

"जाऊन आलो काल," ते म्हणाले. "दुपारपर्यंत बसवून घेतलं त्यांनी. सोलापुरात इतक्या घरी गेलो बाई मी. पण काही सांगायचं नसताना कुणाच्या घरी कधी गेलोच नव्हतो."

मग तासाची घंटा झाली आणि ते वर्गात गेले.