मचाणगडचा वेढा

वडीलधाऱ्यांनी काय पराक्रम केले हे आजकालची पोरे पुसत नाहीत, मोबाईलात मान घालोन बैसतात. सबब उद्या कोणी भलतेच सांगू नये म्हणोन, कोरोनाचे दुसरे लाटेचे उन्हाळ्यात मोहर्ली परगण्यातील मौजे जामटोला येथे जी मोहीम जाहली, ती जैसी घडली तैसी लिहितो. लिहिणार स्वतः रणांगणी हजर होता आणि उन्हाने त्याचे टाळके तापले होते, हे वाचणाराने ध्यानी धरावे.

जामटोल्याचे घरास नाव राजश्री भैयाजींचे, परंतु अंमल त्यांचे कबिल्याचा, म्हणजे मातुश्री रुखमाबाईसाहेबांचा. भैयाजींनी उभ्या संसारात बायकोशी एकही लढाई जिंकिली नाही, कारण लढलेच नाहीत. बाईसाहेबांचा दरारा ऐसा की, मोहाची फुले वेचता वाघ समोर ठाकला तर त्यासच शिवी हासडोन वाट सोडावयास लाविली. गावात लग्न असो की तेरवी, पंगतीचा बंदोबस्त बाईसाहेबांकडे, आणि कायदा एकच : शेवटचे पान बैसल्याविना पहिला घास कोणी उचलू नये. एके लग्नी खुद्द वरबापाने बुंदी तोंडात टाकिली, ती भरमांडवात परत पत्रावळीवर ठेवविली. ते गृहस्थ अद्याप जामटोल्याचे वाटेस जात नाहीत.

ऐशी शूर बाई, परंतु सुईस भ्याली.

भ्यावयाचे कारण, गावात वावडी उठली होती की लस घेणार तो दोन सालांत खपतो. मग बाईसाहेबांनी सरकारचे सर्वच इलाज मोडीत काढिले. पूर्वी वनखात्याने वाघास चकवावयास माणसाचे तोंडाचे मुखवटे दिले होते, ते जंगलात जाता डोक्यामागे बांधावयाचे. पुढे कोरोनाचे मास्क आले, तेही बाईसाहेबांनी डोक्यामागेच बांधिले. चिरंजीव धनराज समजावू लागले तेव्हा जाब दिला की, "वाघ मांगून येते हे मले मालूम हाये. हा तुया कोरोना कुठून येते ते सांग पह्यले." धनराज मोहर्लीस जिप्सी हाकितात, साहेबलोकांस वाघ दाखवितात, परंतु मायपुढे आपलाच मास्क नाकावर ओढोन जिप्सीत जाऊन बैसले.

इतक्यात सासरगाव वडश्याहून कन्या सौभाग्यवती पुनमबाईंचे फर्मान फोनावरोन येवोन धडकले. पुनमबाई पहिलटकरीण, सातवा महिना. पहिले बाळंतपण माहेरी करावे हा दस्तूर, आणि बाईसाहेबांनी डिंक, बाज, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या ऐसा कुल सरंजाम सिद्ध ठेविला होता. परंतु वडश्यास पुनमबाईंचे आळीत तिरडीमागे तिरडी निघाली आणि ती त्यांनी खिडकीतोन पाहिली. सबब फर्मान ऐसे जे, "माय, तू सुई घेतली त मी येतो, नाई त इथीच दवाखान्यात बाळंत होतो. माह्या पोराले आजी पायजे, भिंतीवरचा फोटू नाई पायजे."

बाईसाहेबांनी फोन ठेविला आणि चुलीपुढे बैसोन पोटभर रडल्या. मग डोळे पुसोन, सुई घेणार नाही ऐसे पुन्हा जाहीर केले.

मग लसीचा दिवस उगवला. उपकेंद्राच्या नर्सबाई नूतन सिस्टर लसीची निळी पेटी खांद्यास लावोन शाळेत दाखल जाहल्या. बहुतेक रयत तेंदूपत्त्याचे निमित्ते रानात पसार, आणि जे हजर ते मोजोन नऊ. आता या लसीचा कायदा ऐसा की एके कुपीत दहा जणांची लस. कुपी एकवार उघडिली की थोडक्या वेळात संपवावी, न संपे तर फेकावी. सिस्टरांनी साफ सांगितले की, "धावा माणूस आल्याबिगर मी शिशी फोडत नाई. रोज लोकं मरून राह्यले, मी लस फेकू काऊन?" त्या नवांत भैयाजी होते, काठी टेकीत आलेल्या सोमारीबाई होत्या आणि प्रस्तुत लेखकही होता.

दहाव्या बाईसाहेब, त्या पहाटेच गुल. धनराजांनी आपली सुई मोहर्लीस आधीच घेतली होती, सबब ते मोजणीत नव्हते; मग त्यांनी वाघ शोधावयाची विद्या जन्मदात्रीवर चालविली : पांदणीचे धुळीत चपलेचा ठसा ओळखिला, उजवे पाऊल किंचित घाशीत जाते म्हणोन माय हीच ऐसा निर्वाळा दिला, आणि माग काढीत थेट आपलेच शेतावर पोचले. तेथे रानडुकरे राखावयाचे मचाण, त्यावर बाईसाहेब भाकर, कांदा, पाण्याची बाटली ऐशा रसदेसह बैसलेल्या, आणि बांबूची शिडी वर ओढोन घेतलेली. गड बंद जाहला.

मग वेढा पडला. सिस्टर पेटीसह आल्या आणि मागोमाग आम्ही नऊजण तमाशा पाहावयास आलो. धनराजांनी आर्जव केले, वरोन कांदा फेकोन मारिला. सिस्टरांनी आपण स्वतः दोन्ही सुया घेतल्याचे सांगितले, त्याजवर जाब आला की, "तू जवान हायेस बाई, तुले पचते." कोणी म्हणे मचाण हलवावे, परंतु हलवावयास पुढे कोण होणार? ऊन चढले आणि आम्ही मोहाचे सावलीस हात हातभर अंतर ठेवोन ओळीने बैसलो. सोमारीबाईंचे डोळे मिटू लागले.

तेव्हा भैयाजी उठले. आमची ओळ पाहिली, मग मचाणाकडे पाहिले, आणि घसा साफ करोन बोलिले की, "धनराजची माय, पंगत बसली हाये. नऊ पानं बसले, धावं पान तुयं हाये. तू बसत नाई म्हून सोमारीच्या पत्रावळीत काई पडून नाई राह्यलं. हा कायदा कोनाचा होता मंग?"

बाईसाहेब एकेकाचे तोंडाकडे पाहात होत्या, सोमारीबाईंकडे अंमळ जास्तच.

मग शिडी खाली आली.

पदर खोचोन ओळीचे शेवटी बैसल्या आणि दंड पुढे केला. डोळे गच्च मिटोन "पुनम, पुनम" ऐसा जप चालविला होता. सुई गेली, निघाली, कापूस लागला, तरी डोळे मिटलेलेच. सिस्टर म्हणाल्या जाहले, तेव्हा एक डोळा उघडोन पुसते जाहल्या की, "येवढ्यासाठी मी पहाटपासून उन्हात बसली?" रात्री अंग तापले, तेव्हा सर्वांस शिव्या देवोन फोन मागविला, आणि पुनमबाईंस कळविले की सामान बांधावे.

मिरग उलटल्यावर धनराजांचे जिप्सीतोन पुनमबाई आल्या, समागमे जावई चैतूराव. बाईसाहेबांनी भाकरतुकडा ओवाळोन फेकिला, लेकीचे तोंड दोन्ही हातांत धरिले, आणि बराच वेळ सोडिलेच नाही. मग जावयाकडे वळोन सवाल केला की, "जावईबापू, तुमी घेतली का सुई?" चैतूराव चपलेकडे पाहो लागले. पुनमबाईंनी मायचे सुईचा हट्ट धरिला, परंतु नवऱ्यास पुसावयाचे राहोनच गेले होते.

मग हुकूम जाहला की जावईबापूंचा मुक्काम मचाणावर. कोंबड्याचा रस्सा शिडीवरोन वर पोचता करावा, पाहुणचारात उणे पडू देऊ नये, परंतु सुईविना उंबरठा ओलांडू देऊ नये. पुनमबाई पोट धरोन हसल्या. आणि चैतूराव, रात्री रानडुकरांचा घुरघुराट ऐकोन, दुसरे दिवशी सिस्टरांचे दारी सर्वांआधी उभे होते.

येणेप्रमाणे मचाणगड फत्ते जाहला. गोकुळाष्टमीचे सुमारास पुनमबाईंस कन्या जाहली. तिजला पहिली सुई टोचिली तेव्हा पोर जरा रडोन निजली, आणि रुखमाबाईसाहेब तिजला छातीशी धरोन "झालं, माय, झालं" म्हणत सांजवेळपावेतो रडत बैसल्या.