कादरी सरांनी मागे घेतलेला धडा

आमच्या कादरी सरांच्या खिशात बारा महिने एक सुकलेलं बोर असायचं. ते खायचं नव्हे. ती पृथ्वी होती. भूगोलाच्या तासाला ते बोर वर धरायचे. "पृथ्वी थंड झाली, आकसली, सालीला सुरकुत्या पडल्या. त्येच डोंगर!" कुणी शंका काढली की, "पुरावा हाय का पुरावा?" म्हणून फळ्याकडे वळायचे. अर्धं उदगीर याच बोरावर भूगोल शिकलं.

लातूर नवा जिल्हा झाला, तेही सरांना जड गेलं. "रेघ सरकली, जमीन न्हाई," अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आणि नेमकं तेव्हाच नवं पुस्तक आलं. त्यात खंडं सरकतात आणि एकमेकांना रेटून डोंगर उठवतात, असं लिहिलेलं.

"जमीन चालायलीय म्हणं!" सर कडाडले.

पुढचं मला गायकवाड मास्तरांनी सांगितलं. ते सरांचेच विद्यार्थी, त्याच शाळेत नवे लागलेले. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्यांनी नकाशा पसरून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे कसे जुळतात ते दाखवलं. हेडमास्तर घाबरून म्हणाले, "सर रिटायर होईस्तोवर जुनंच चालू द्या."

सरांनी डब्यातली भाकर मोडून दोन तुकडे नाचवले. "हे बी जुळतेत. मग?"

"ती एकच भाकर होती ना, सर," गायकवाड हळूच म्हणाले.

सगळे हसले. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नवा धडा त्यांनी स्वतः शिकवला.

रिटायर झाल्यावर सर जुन्या विद्यार्थ्यांना गाठत गावभर फिरू लागले. एसटी अडवून कंडक्टरला, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्या वकिलाला सांगायचे, "डोंगराचं मी चुकीचं शिकवलं, बाबा." लोक विचारायचे, "कुठले डोंगर, सर?"

एकदा माझ्या आडतीवर आले. दुष्काळामुळे मोंढ्याच्या धान्यबाजारात माल नव्हता, मी माशा मारत बसलेलो. सर गादीच्या कडेला टेकले. "कुणालाच याद न्हाई रे. माझी चूक बी कुणी ठेवली न्हाई."

मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "मला आठवतं की, सर. लेकीलाही मी तेच सांगितलंय."

"चुकीचं सांगितलंस!" सर ताडकन उठले. चेहरा खुलला होता. "चल घरी."

मी दुकानाचं दार ओढून घेईपर्यंत ते गल्लीत वळलेसुद्धा. घरी लेक पाळण्यात झोपलेली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी थाप त्यांना कळली असणार. मी मान खाली घातली.

सरांनी चपला काढल्या, पाळण्याची दोरी हातात घेतली आणि हलक्या आवाजात सुरू केलं, "बघ बेटा, ही जमीन हाय ना..."