मुलीकडचे मेश्राम सर

मेश्राम सर आमच्या विद्यापीठात कधी काम घेऊन आले नाहीत. ते स्थळ घेऊन यायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा मी माझ्या टेबलाशी बसून दिवसाच्या कामांची यादी करत होते. मी विद्यापीठाच्या पात्रता विभागात आहे. कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसता येईल, हे ठरवणारा हा विभाग. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. पुण्यात आता इतकी विद्यापीठं झाली आहेत की सांगूनही कुणाच्या लक्षात राहणार नाही. तर, मान वर केली तेव्हा समोर एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, हातात पाण्याची बाटली.

"नमस्कार जी. आम्ही मुलीकडचे."

"विवाह नोंदणी इथे होत नाही. हे विद्यापीठ आहे."

"म्हणूनच आलो नं. मुलाकडचे तुम्हीच." ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. "मुलगी दोन वर्षांची आहे. डिप्लोमा."

वेडा माणूस आहे हे माझ्या ध्यानात आलं. कामाचा माणूस आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

मेश्राम सर वारज्याच्या एका कम्युनिटी कॉलेजचे प्रमुख. कॉलेज म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या काही खोल्या. तिथे रुग्णसेवा, हिशेब, शिवणकाम, फ्रिज-एसी दुरुस्ती असे दोन वर्षांचे डिप्लोमा शिकवतात. शिकणारे कोण? बारावीनंतर घरी बसलेल्या सुना, खराडीच्या आयटी पार्कांत हाउसकीपिंग करणाऱ्या मुली, दिवसभर पार्सलं पोचवणारी मुलं. डिप्लोमा झाला की यांच्यातल्या काहींना पुढे पदवी हवी असते. पण विद्यापीठ म्हणतं, तुम्ही तिकडे काय शिकलात ते आम्हाला माहीत नाही, पहिल्या वर्षापासून सुरू करा. म्हणजे दोन वर्षं पाण्यात. मेश्राम सरांचं म्हणणं एवढंच होतं की दोन्हीकडचे अभ्यासक्रम जुळवावेत, डिप्लोमाची क्रेडिट विद्यापीठाने धरावीत, आणि त्यांच्या मुलांना थेट दुसऱ्या वर्षाला घ्यावं. यासाठी दोन संस्थांमध्ये करार लागतो. सर त्याला सोयरीक म्हणत.

आणि एकदा सोयरीक म्हटलं की पुढचं सगळं ओघाने आलं. अभ्यासक्रम ताडून पाहणं म्हणजे पत्रिका जुळवणं. आमच्या समितीची भेट म्हणजे मुलगी बघायला येणं. कुलसचिवांच्या कार्यालयाला ते वरमाय म्हणत, कारण तिथे कशाने रुसवा होईल सांगता येत नसे. आमचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. "मुलीचं ठरेपर्यंत त्या घरचं पाणी घेऊ नये जी," म्हणून घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. शिपाई ट्रे घेऊन आला की हात जोडायचे.

एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही बौद्ध. तुमचा पत्रिकेवर विश्वास आहे?"

"काडीचा नाही. आमच्या आज्याने छप्पन साली ते सगळं सोडलं." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "पण तुमच्या साहेबलोकांना 'समकक्षता' म्हटलं की झोप येते, आणि 'छत्तीस गुण' म्हटलं की जाग येते. मग काय करता?"

मूळचे ते भंडाऱ्याकडचे. वर्कशॉपचे शिक्षक म्हणून तरुणपणी पुण्यात आले आणि इथेच राहिले. पण 'जी' आणि 'नं' त्यांनी पुण्याला दिलं नाही. आमच्या अभ्यास मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक दातार. अस्सल पुणेरी. त्यांची नि मेश्राम सरांची जुगलबंदी ऐकायला शेजारच्या विभागातले लोक काहीतरी निमित्त काढून यायचे.

"मेश्राम, तुमच्या मुलीला इंग्रजी येतं का?"

"येते सर. पण लाजते. सासरी गेल्यावर बोलेल."

"आणि गणित?"

"गणित तिला तुमच्यापेक्षा जास्त येते. घरखर्च चालवते नं."

समिती वारज्याला गेली तेव्हा सरांनी सगळ्यांना जिन्यावर ओळीने उभं केलं होतं. "केस विंचरले का? सरळ उभे राहा. बघायला आलेत." त्यांत रुग्णसेवेच्या वर्गातल्या शोभाताई होत्या, चाळिशीच्या, दोन लेकरांची आई. त्या मोठ्याने म्हणाल्या, "सर, माझं एकदा झालंय. त्या वेळी पोहे मी केले होते. या वेळी पाहुण्यांना करायला सांगा." दातारसुद्धा हसले, आणि ते हसणं आम्ही बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

बोलणी लांबली. वर्षं गेली. कधी समितीची मुदत संपे, कधी अभ्यासक्रमच बदले आणि पत्रिका पुन्हा मांडावी लागे. माझ्या यादीत 'मेश्राम – बोलणी' ही नोंद एका डायरीतून दुसरीत जात राहिली. सर चिडले नाहीत. फक्त प्रत्येक बैठकीच्या शेवटी, सगळे खुर्च्या मागे सारत असताना, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे.

"आणि घरात बसल्या आहेत त्यांचं?"

म्हणजे आधी डिप्लोमा झालेल्यांचं. करार झाला तर तो जुन्या तुकड्यांनाही लागू करा, एवढंच ते मागत.

त्यामागे एक गोष्ट होती. ती मला त्यांच्याच तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळली. कॉलेज सुरू झालं तेव्हा दुसऱ्या एका विद्यापीठातल्या बड्या अधिकाऱ्याने त्यांना शब्द दिला होता, तुमची मुलं आम्ही घेऊ. सर त्या भरवशावर वारजे, शिवणे, उत्तमनगर अशा भागांत घरोघर फिरले. आईबापांना सांगितलं, दोन वर्षं माझ्याकडे, मग थेट पदवीला. पुढे तो अधिकारी बदलला. नव्या अधिकाऱ्याने विचारलं, लेखी कुठे आहे? लेखी नव्हतंच. सरांनी मागितलंच नव्हतं.

"सोयरीक ठरली की शब्द पुरतो जी," ते मला म्हणाले. "स्टँपपेपर कोण मागते?"

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. एक ओळ लिहून घेतली असती तर! पण त्यांच्या वयाचे, त्यांच्या गावाकडचे लोक शब्दावर घरदार देतात, आणि विद्यापीठ हे घर नसतं, कार्यालय असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या काही तुकड्या तशाच राहिल्या. कुणी पुन्हा पहिल्या वर्षापासून बसलं. बहुतेकांनी नाद सोडला.

दातारांनी त्या ठरलेल्या प्रश्नाला एकदा उत्तर दिलं. "मेश्राम, मुलाने धाकटीला होकार दिला, तर तुम्ही तिच्या सगळ्या थोरल्या बहिणीही गाडीत बसवणार?"

खोली हसली. मीही हसले. सर हसले नाहीत.

"हो सर. थोरलीचं आधी करावं लागते."

अखेर गेल्या वर्षी विद्या परिषदेत करार मंजूर झाला. मीच फोन केला. सर तासाभरात हजर. मी न विचारता चहा मागवला आणि त्यांनी तो घेतला, बशीत ओतून, फुंकर मारून. पुन्हा अर्धा कप मागून घेतला. शिपायाने बाहेर जाऊन ही बातमी दिली असावी, कारण दारातून दोघेतिघे डोकावून गेले. मग मी त्यांना मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'यापुढे प्रवेश घेणाऱ्या तसेच सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना लागू.'

त्यांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं.

"सध्याच्या विद्यार्थ्यांना आहे," ते म्हणाले. "आधीच्या विद्यार्थ्यांना नाही."

"नाही, सर. पूर्वलक्षी प्रभावाने देता येत नाही असं ठरलं."

"बरं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'विद्यार्थी' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी विचारलं, "काय सर, मुहूर्त कधीचा?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मसुदा फाइलमध्ये ठेवला.

सह्यांचा कार्यक्रम वारज्याला, कॉलेजातच ठेवला. हार्डवेअरवाल्याने खुर्च्या दिल्या. डिप्लोमा कधीच झालेल्या शोभाताईंनीही हार आणले. विद्यापीठाच्या वतीने दातारांनी सही केली आणि पेन मेश्राम सरांपुढे सरकवलं. सर ते हातात धरून दाराकडे बघत बसले.

"काय झालं, मेश्राम? शाई संपली?"

"दोन मिनिटं सर. एक जण यायची आहे. खराडीवरून येते. ट्रॅफिक असते."

दातारांनी घड्याळ पाहिलं. मला पुढची एक बैठक होती, तीही मी मनातल्या मनात पुढे ढकलली. शेवटी जिन्यावर पावलं वाजली आणि तिशी ओलांडलेली एक बाई दारात आली. कुठल्याशा कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात हेल्मेट. ती मागेच, भिंतीशी उभी राहिली.

सर उठले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मोठा झाला.

"दातार सर, शेवटचं विचारतो. आधीच्यांना घेता येईल का? सगळ्यांना नाही तर एखाद्याला तरी?"

कुणी हसलं नाही. दातारांनाही काही खोचक सुचलं नसावं. ते हळूच म्हणाले, "नाही हो, मेश्राम. ते माझ्या हातात नाही."

सर तसेच उभे. पेन हातात. वर्गातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. करार आता फिसकटतो की काय, अशी भीती मला खरोखर वाटली. ही मुलं पुन्हा अधांतरी राहतील.

मागून त्या बाई म्हणाल्या, "बाबा, सही करा. हे सगळे थांबलेत."

सरांनी मान हलवली, बसले आणि सही केली. टाळ्या झाल्या. शोभाताई रडल्या आणि रडता रडता चहा वाटत सुटल्या.

मी चहा घेऊन भिंतीपाशी गेले. त्यांचं नाव संघमित्रा. सरांची एकुलती एक मुलगी.

"तुम्ही इथे शिकत होतात?" मी विचारलं.

"पहिल्या बॅचला. माझी कॉलेजात अ‍ॅडमिशन झाली होती, मॅडम. कोथरूडला. बीएस्सीला. बाबांनी ती रद्द केली. म्हणाले, लोकांच्या पोरी मागायला जातो, तर आधी आपली दिली पाहिजे." हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. पावसात कुठला रस्ता बंद आहे ते सांगावं, तसं सांगितलं. "मग ते फिसकटलं. तेव्हा आई आजारी होती. मी नोकरी धरली."

"आता पुन्हा करायची इच्छा आहे का? बाहेरून..."

"नाही हो. मला नको आहे. कधीचंच नको आहे. मी त्यांना हजारदा सांगितलं. आम्ही दोघंच आहोत घरात. जेवताना ते विचारतात, 'यंदा करतील का ते?' मी म्हणते, 'बाबा, भाजी घ्या.'"

घरात बसल्या आहेत, असं सर म्हणायचे तेव्हा आम्ही सगळे ती म्हण समजून हसलो होतो. ते मात्र पत्ता सांगत होते.

कार्यक्रम आटोपला. सर खुर्च्या एकावर एक रचत राहिले. मुलं म्हणत होती, सर, आम्ही करतो, तरी ऐकेनात. शेवटची खुर्ची रचून झाल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही.

मी खाली रिक्षा शोधत उभी होते. संघमित्राने स्कूटर काढली, स्वतःचं हेल्मेट घातलं, डिकीतलं दुसरं काढून वडिलांना दिलं. त्यांना पट्टा लावता येईना. तिने गाडीवरूनच वळून तो लावून दिला.

सर मागे बसले आणि दोन्ही हातांनी सीटमागची लोखंडी कडी धरली.

"खांद्याला धरा, बाबा. पुढे खड्डे आहेत."

"नको. बरा आहे मी."

तिने आरशात त्यांच्याकडे पाहिलं. मग मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू दिलं आणि खड्डे चुकवत गाडी अगदी हळू नेली.