मधली धार

तपासणीच्या दिवशी वर्गात पसरणारी शांतता पहिले अर्धे मिनिट शिस्त समजावी आणि त्यानंतर अज्ञान, असा शिक्षण खात्याचा अलिखित (म्हणूनच काटेकोरपणे पाळला जाणारा) दंडक आहे. १९८४ साली मुलुंडच्या एका शाळेत सातवी 'ब'मधली शांतता तिसऱ्या मिनिटात शिरली, तेव्हा वनमालाबाईंनी कोरा फळा पुन्हा एकदा पुसला. चार वर्षे त्या हंगामी शिक्षिका होत्या. कायम होणार की घरी जाणार, हे आज निरीक्षकसाहेबांच्या शेऱ्यावर ठरायचे होते.

पाठ होता खोल समुद्रातील पाण्याच्या दाबाचा. (मुलुंडहून समुद्र दिसत नाही. खाडी दिसते, पण ती अभ्यासक्रमात नाही.) खोलीबरोबर दाब वाढत जातो; पाण्यात दर दहा मीटरला, खात्यात दर हुद्द्याला. हे सिद्ध करण्यासाठी टेबलावर पाण्याने भरलेला डालड्याचा डबा मांडला होता. त्याला वर, मधोमध आणि तळाशी अशी तीन भोके. पुस्तकातल्या चित्रात तळाची धार सर्वांत लांब पडते. पुस्तक तज्ज्ञ समितीने मंजूर केलेले होते. डबा कोणीच मंजूर केलेला नव्हता. त्याची तळाची धार सर्वांत आवेगाने निघे आणि सर्वांत आधी खाली पडे. लांब पडे ती मधली.

बाईंना हे ठाऊक होते. आदल्या संध्याकाळी ओट्यावर त्यांनी डबा अकरा वेळा भरून पाहिला होता.

"कुठली धार लांब पडली?" साहेबांनी पुन्हा विचारले.

एक्कावन्न मुलांनी डब्याकडे पाहिले, मग पुस्तकाकडे, आणि एका सुरात म्हटले, "खालची." (निकाल : अठ्ठ्याण्णव टक्के.)

उरलेले दोन टक्के, म्हणजे पहिल्या बाकावरची शकु, उभे राहिले.

"मधली, साहेब."

"मधली कशी गं? दाब खाली जास्त ना?"

"जोर खालच्या धारेलाच जास्त आहे ना साहेब. पण तिला लगेच टेबल लागतं. लांब जायला मिळतच नाही तिला."

साहेबांनी ते लक्षपूर्वक ऐकले. तपासणीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

"बाई, हे तुम्ही शिकवलंत हिला?"

बाईंनी ओल्या टेबलाकडे पाहिले.

"नाही साहेब. मी पुस्तकातलंच शिकवते. डबा जरा चेपलाय."

शेरा पडला : 'शिक्षिका पुस्तकाशी प्रामाणिक. कायम करण्यास हरकत नाही. डबा बदलावा.'

वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न दोन गुणांना आला. एक्कावन्न जणांना दोन-दोन गुण मिळाले. (वाचकहो, आपल्या वेळी आपल्यालाही मिळाले होते. डबा आपण कधी भरून पाहिला होता?)

शून्याची उत्तरपत्रिका घेऊन शकु बाईंसमोर आली.

"बाई, तुम्ही पण बघितलं होतं ना? मधलीच होती ना?"

कायम शिक्षिका वनमालाबाईंनी हजेरीपट उचलला, पदर सावरला आणि त्या वर्गाबाहेर चालू लागल्या.